खांदेपालटाची खिंड

आसणघरला हल्ली डांबरी रस्ता झाला आहे. पाहुणे गाडीतून उतरतात ते थेट देवळापाशी, आणि खिंड कुठं आहे म्हणून विचारतात. खिंड गावाच्या मागं आहे. गाव आणि नदी यांच्यामध्ये कातळ आडवा उभा आहे, त्याला पडलेली ती चीर. डाव्या हाताला भिंतीसारखा कडा, उजव्या हाताला घळ, आणि मधे वाट इतकीच की एक तिरडी जाईल. शेजारून दुसरी जाणार नाही. मसण नदीकाठी, म्हणून गावातलं प्रत्येक प्रेत याच वाटेनं जातं. पेपरात मंत्र्यांचे खांदेपालट छापून येतात, तसलं इथं काही नाही. हे नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे आणि त्यात कुणाचा फायदा झालेला नाही.

इथली रीत अशी, की खिंडीच्या तोंडाशी घरच्या माणसांनी खांदा काढायचा. बाप असो, भाऊ असो, लेक असो, बाजूला व्हायचं. खिंडीतून प्रेत न्यायचं ते परक्यानं. शहरातले जावई यावर हमखास वाद घालतात. घालू द्या.

गोष्ट जुनी आहे. तेव्हा राज्य कुणाचं होतं यावर गावात दोन तट आहेत, ते भांडण इथं नको. इतकं सगळेच सांगतात, की वर घाटात चौकी होती आणि आसणघरचा घरटी एक माणूस त्या चौकीवर शिपाई होता. गावात मान त्यांचा. शिपाई मेला तर शिंग वाजे, आणि ते ऐकलं की वाटेतल्या माणसानं, गुरानं, वऱ्हाड असेल तर वऱ्हाडानंसुद्धा बाजूला व्हायचं. आणखी एक नेम होता. शिपाई खांदा देणार तो शिपायालाच. दुसऱ्या कुणाच्या तिरडीला हात लावला तर हत्याराला विटाळ होतो, असं मानत. हे कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, पण पाळत सगळे.

त्या गावात सटवोजी नावाचा म्हातारा शिपाई होता. तरुणपणी मांडीत भाला बसून एक पाय अधू झालेला, बायको आधीच गेलेली, आणि घरात एकुलता लेक, हैबती. बापाच्या जागी आता तो चौकीवर जाई. एका वैशाखात चौकीवर घाला पडला. बाकीचे मागं सरले, हैबती वाट धरून उभा राहिला, आणि पडला. तेवढ्यात मागचे सावरले आणि चौकी वाचली, म्हणे. घाटाची वाट अवघड. प्रेत गावात पोचलं तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार कलली होती. ऊन असं, की आज नदीवर नेलं नाही तर उद्या नेण्यासारखं काही राहणार नव्हतं. हे सटवोजीला कुणी सांगावं लागलं नाही, नाकानं कळलं. आणि दिवस बुडाल्यावर आसणघरात चिता पेटवत नाहीत. तेव्हाही नव्हते पेटवत.

कासराभर दिवस उरला असताना हैबतीला उचलला. पोराचं लग्न झालं नव्हतं, म्हणून आगीचं मडकं बापाच्या हातात आणि बाप सगळ्यांच्या पुढं. जो मडकं धरतो त्याला खांदा देता येत नाही. सटवोजी लंगडत चालला होता. बाजूला त्याचा जुना जोडीदार जानू नाईक, आणि धुळा शिंग फुंकत होता.

खिंडीत शिरले आणि थांबले. पुढं दुसरी तिरडी होती.

पाटलाच्या मळ्यात विहीर खणायला बेलदारांची एक टोळी आली होती. फिरती माणसं, माळावर पालं टाकून राहणारी. त्याच दिवशी सकाळी विहिरीची कड ढासळली आणि मल्लू बेलदार खाली सापडला. राहिलेल्या चौघांनी दिवसभर हातांनी दगडमाती उपसून त्याला काढला होता. त्यांच्या बोटांना नखं राहिली नव्हती, असं सांगतात. तेच चौघं आता त्याला नेत होते. बदली खांदा नाही. दहा पावलं चालत आणि उभ्यानंच दम खात. त्यांच्यात बायामाणसंही मसणात जात. मल्लूची बायको लाडी पुढं मडकं घेऊन चालली होती.

"कोन हाय रं पुढं?" जानू नाईक ओरडला. "शिंग ऐकू येत न्हाई?"

"येतंय की," पुढून एक बेलदार म्हणाला. "पर सरायला जागा कुटं हाय?"

"मग खाली ठिवा. आमी वरनं जातो."

हे ऐकल्यावर लाडी कड्याला अंग घासत तिरडीच्या मागच्या बाजूला आली. मडकं तिनं छातीशी धरलेलं होतं. बेलदारांची रीत अशी, की प्रेत एकदा उचललं की विसाव्याच्या जागेपर्यंत भुईला टेकवायचं नाही, आणि विसावा होता खिंडीच्या पलीकडं.

"माझ्या मानसाला वलांडून जानार?" ती म्हणाली.

सटवोजीनं दिवसाकडं पाहिलं. समोरच्या डोंगराच्या माथ्यापासून तो आता हातभरच वर उरला होता. या चालीनं हे लोक नदी गाठेपर्यंत दिवस बुडणार, आणि त्यांच्यामागं हैबती असाच खिंडीत राहणार.

"बाई," तो म्हणाला, "पोरगं लढाईत पडलंय माझं."

"कळलं सकाळी. लई वाईट झालं."

"त्याला पळून येता येत हुतं. न्हाई पळाला. दगुड काय कुनाला इचारून पडतो?"

"ह्यालाबी येत हुतं की. कड ढिली झालीया, असं ह्योच म्हनला सकाळी. गुरं तान्हेली हायत म्हनून पाटलाचा मानूस आला बोलवायला. मग उतरला."

"पोटासाठी उतरला त्यो."

"आन् तुमचं पोरगं चौकीवर फुकट ऱ्हात हुतं व्हय, बाबा?"

मागं कुणीतरी खाकरलं.  सटवोजीनं जानूकडं पाहून मान हलवली. घे कडेनं.

दोघे-तिघे शिपाई कड्याच्या बाजूनं घुसले. मारामारी करायची नव्हती त्यांना, नुसती जागा करायची होती. पण खिंडीत जागा करायची म्हणजे समोरच्याला घळीकडं सरकवायचं. बेलदारांचा मागचा उजवा गडी आधीच झोकांड्या खात होता. त्याच्या पायाखालचा मुरूम सुटला, तो पाय मुरगळून गुडघ्यावर आला, आणि तिरडीचा तो कोपरा खोल घळीवर लोंबकळला. दोऱ्या ताणल्या. पांढऱ्या कापडातलं प्रेत बाहेरच्या अंगाला सरकलं.

 लाडीनं सटवोजीकडं पाहिलं, कारण कोपऱ्याजवळ तोच होता.

त्या वेळी त्याच्या मनात काय आलं, ते त्यानं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. हातातलं मडकं त्यानं तिच्या दुसऱ्या हातात दिलं, वाकला, आणि बांबूखाली खांदा घातला. अधू पाय भुईत रोवला. तिरडी वर आली.



"आबा, सोडा," जानू म्हणाला. "धरलं ते बरं केलं. आता सोडा. शिपायाचा खांदा हाय त्यो."

सटवोजीनं बांबू खांद्यावर नीट बसवला. लेकाला खांदा द्यायला त्याला मिळालं नव्हतं, हातात मडकं म्हणून. मेलेल्या माणसाचं वजन त्या दिवशी त्याच्या अंगावर आलं ते हे पहिलं. आणि दिलेला खांदा अर्ध्या वाटेत काढायचा नाही, हे शिपायांत आणि बेलदारांत, दोघांतही सारखंच होतं.

"जानू," तो पुढं बघतच म्हणाला, "ह्या लोकांच्या अंगात आता काय राह्यलं न्हाई. तुमच्यात हाय. तिघं पुढं या."

"आन् हत्याराला इटाळ?"

"कमरंचं काढून ठिव."

"आपल्या हैबतीचं काय मग?"

"हैबतीसाठीच सांगतोय. ह्यो चालला तर त्यो चालल. न्हाईतर दोघं हितंच सडतील, आन् आपुन मान कुनाचा मोठा त्ये बोलत बसू."

ऊन आता घळीतून वर सरकून फक्त कड्याच्या कपाळावर उरलं होतं. जानू नाईक सटवोजीपेक्षा हट्टी माणूस. त्यानं मागच्या तिरडीकडं पाहिलं. मग त्यानं कमरेची तलवार सोडली, कड्याच्या एका खोबणीत उभी केली, आणि कुणाकडं न बघता मल्लू बेलदाराच्या तिरडीचा पुढचा बांबू घेतला. त्याच्यामागं आणखी दोघे आले. बेलदार कड्याला पाठ लावून सुटे उभे राहिले. हैबतीची तिरडी त्यांच्यासमोर आली, तेव्हा शिपायांच्या मागंपुढं त्यांनीही कुणी न सांगता बांबूला खांदा लावला. मुरगळल्या पायाचा गडी मागून भिंत धरत आला.

धुळा शिंग हातात घेऊन तसाच उभा.

"आबा, वाजवू का?"

"वाजव की."

"कुनासाठी पर?"

"वाजव. इचारतोस काय."

लाडी कड्याच्या कडेनं पुन्हा पुढं झाली, आणि असे ते खिंडीतून उतरले. शिपायांच्या खांद्यावर बेलदार, त्याच्यामागं शिपाई, त्याच्या तिरडीला बेलदारांचे खांदे, आणि सगळ्यांच्या पुढं एक बाई, दोन हातांत दोन मडकी घेऊन. शिपाई ताज्या दमाचे, सटवोजीच्या लंगडण्याशी पाय जुळवूनही त्यांनी नदी वेळेत गाठली. काठावर लाकडं रचली तेव्हा दिवस डोंगराला टेकला होता.

सटवोजीनं हात पुढं केला. लाडीनं दोन्ही मडक्यांकडं पाहिलं. एकाच कुंभाराची मडकी, दोन्हींत गोवरीचे निखारे.

"तुमचं कंचं, आता कसं सांगू," ती म्हणाली.

सटवोजीनं जवळचं घेतलं. दोन्ही चिता दिवस बुडायच्या आत पेटल्या.

पुढं चावडीवर लोकांनी सटवोजीला छेडलं. आबा, म्हणजे शिपाई आणि विहिरीतला गडी आता सारखेच का? लोकांना असले प्रश्न फार सुचतात. तो म्हणाला, म्हणे, "सारखं कसं? माझ्या पोराचं मरान मोठंच. मी मरेस्तोवर मोठंच म्हननार. तिला तिच्या मानसाचं मोठं वाटत आसंल, वाटू दे. पर माझं मोठं दिसावं म्हनून तिचं मढं भुईला ठिवायला लावत हुतो मी. त्ये करायचं न्हाई."

आणि त्यानं गावाकडून एवढंच मागून घेतलं, की यापुढं खिंडीत जो आधी शिरेल तो आधी जाईल, आणि घरच्यांनी खांदा परक्याला द्यायचा. घरच्या माणसाच्या डोळ्यांत आपलंच प्रेत असतं, त्याला पुढचं दिसत नाही, असं तो म्हणे.

आजही तसंच चालतं. शिंग आजही आहे, गावात कुणीही गेलं की वाजतं, आणि कुणासाठी हे वाजवणारा विचारत नाही. चार वर्षांमागं फौजेतला एक पोरगा सीमेवर मारला गेला. मोठी गाडी आली, हार आले, साहेब आले, बंदुकीवाले जवान आले. गाडी खिंडीत जात नाही, म्हणून पोराला खांद्यावर घेतलं. खिंडीत पुढं धोंडाबाई होती, तापानं गेलेली म्हातारी, तिला उचलायला भाऊबंदही धड नव्हते. साहेबांनी विचारलं, ते जरा बाजूला घेता येईल का. पोराच्या बापानं रीत सांगितली. साहेब जवानांकडं वळून काहीतरी म्हणाले. चार जवान पुढं झाले, त्यांनी टोप्या सारख्या केल्या आणि धोंडाबाईला खांदा दिला. पोराला आमच्या गावानं नेला, बाप सोडून.

नदीवर आधी म्हातारी पेटली, मग पोरगा. बंदुका झाडल्या त्या दोन्ही चितांच्या धुरातच.