उजवं मडगार्ड

"पण चुकलंय कुठं, वस्ताद? तेवढं तरी सांगा."

बाबालाल वस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गाडीच्या नाकासमोर दोन पावलं मागं सरून ते उभे होते. सुजयनं दोन्ही मडगार्डं नुकतीच डिझेलच्या फडक्यानं पुसली होती. ओल्या पत्र्यावर वरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटली होती, एक डावीकडं, एक उजवीकडं.

वस्ताद बघत राहिले…

"एक चूक हाय," ते म्हणाले. "गाडी तिरळी बघतिया."

"कुठल्या जागी?"

"हुडक."

आणि खांद्यावरचा रुमाल झटकून ते समोरच्या टपरीवर चहाला निघून गेले.

आता सुजय नेर्लेकरला असं कुणी म्हणावं, म्हणजे कमालच झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या या शेडमध्ये तो नऊ वर्षं पत्रा ठोकत होता. गडी हाताचा सोन्यासारखा, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

दुसऱ्या गॅरेजांत पोचा पुरता निघाला नाही की वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासतात, रंग मारतात, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. बाबालाल शिकलगारांच्या शेडमध्ये लांबीचा डबाच नव्हता. वस्ताद म्हणायचे, भरायचं तर पोट भरावं, पत्रा भरू नये. हातोडी, मागं धरायचा पोलादी ठोकळा आणि तळहात, एवढ्यावर तिथं काम चालायचं.

शेडचे नियम दोनच होते. मनासारख्या झालेल्या पत्र्याच्या आतल्या कडेला करणाऱ्याचा ठसा मारायचा, हा पहिला. ठसा पडलेल्या पत्र्यावर दुसऱ्या कुणाची हातोडी पडायची नाही, हा दुसरा.

पण इतक्या वर्षांत ठसा पडायचा तो फक्त वस्तादांचा, बारीक पात्याच्या खुणेचा. सोळा जण शिकून गेले, निम्म्यांनी आपापली गॅरेजं काढली, पण स्वतःचा ठसा मारायची परवानगी एकालाही मिळाली नाही. सुजयला ती हवी होती. इतकी हवी होती, की सहा महिन्यांपूर्वी त्यानं गुपचूप शंखाचा ठसा घडवून घेतला होता आणि हत्यारांच्या पेटीत तळाला फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

ही गाडी झाली की मागायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

गाडीही तशीच होती. मानसिंगराव थोरवतांची जुनी अमेरिकन, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. सुरू केली की शेडच्या छपरावरची धूळ खाली यायची. मानसिंगरावांच्या वडिलांनी ती हौसेनं आणली. वडिलांच्या लग्नाला अकरा दिवस राहिले असताना दुधाच्या टँकरनं तिचं उजवं मडगार्ड चेपवलं. तेव्हा बाबालाल तेहतीस वर्षांचे होते. त्यांनी सपाट पत्र्यातून नवं मडगार्ड घडवलं, वरातीच्या दुपारी बसवून दिलं, आणि तिथून त्यांचं नाव झालं.

पुढं गाडी पन्हाळ्याच्या खाली मळ्यातल्या शेडमध्ये एकोणचाळीस वर्षं पडून राहिली. डाव्या अंगाची भिंत पाझरायची, त्यामुळं डावं मडगार्ड, डावं दार, तळाचा पत्रा सगळं गंजून गेलं. मानसिंगरावांनी गाडी आणली ती एका हट्टानं. सगळं हातानं घडवा, बॉनेटवर इंजिनाला हवा घ्यायचा उंचवटाही नवा करा, पण रंग लावायचा नाही, वरून नुसतं पारदर्शक लॅकर. रविवारी पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोकांना हातोडीचं काम उघडं दिसलं पाहिजे. आणि उजवं मडगार्ड आहे तेच ठेवायचं, कारण ते वस्तादांच्या हातचं.

सुजयनं उजव्यावरून पुठ्ठ्याचे साचे कापले, उलटे केले, आणि तेवीस दिवसांत डावं मडगार्ड उभं केलं. शेजारच्या शेडमधले लोक येऊन बघून गेले. चुंबक फिरवला तर कुठं सुटला नाही, म्हणजे लांबीचा कुठं मागमूस नव्हता. आणि हा म्हातारा म्हणतो, गाडी तिरळी बघतेय!

सुजयला राग आला. मग रागाखाली भीती आली, कारण वस्तादांचा डोळा चुकत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं साचे काढले आणि एकेक करून डाव्यावर धरत गेला. पहिला बसला. दुसरा बसला. तिसरा, दिव्याच्या मागं वीतभर अंतरावरचा, बसला नाही. तिथं पत्रा साच्यापेक्षा जरासा वर होता. फार नाही, दोन पोस्टकार्डांच्या जाडीइतका.

 साचा समोर टांगलेला असताना आपला हात असा भलतीकडं गेलाच कसा, हेच त्याला कळेना. नऊ वर्षांचं शिक्षण दोन पोस्टकार्डांत गेलं, असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटली.

वर आलेला पत्रा खाली बसवणं हे पोचा काढण्यापेक्षा अवघड काम. गॅसनं पैशाएवढी जागा लाल करायची, हलके ठोके द्यायचे, लगेच ओलं फडकं दाबायचं, म्हणजे पत्रा आखडतो. जास्त झालं तर सगळं वाकडं होतं. सुजयनं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच केलं. जेवणाचा डबा तसाच राहिला. शेवटी साचा असा बसला, की मधून केसही जाईना.

शुक्रवारी सकाळी त्यानं दोन्ही बाजू पुन्हा डिझेलनं पुसल्या आणि वस्तादांना हाक मारली. दोन्ही रेघा अगदी सारख्या पडल्या होत्या. डावीकडची जिथं जरा दबत होती, तिथंच उजवीकडचीही दबत होती. या वेळी वस्तादांना बोलायला जागाच नव्हती.

"आता बघा," सुजय म्हणाला.

वस्तादांनी बघितलं. डाव्यावरून तळहात फिरवला. दिव्याच्या मागं वीतभर अंतरावर हात थांबला…

"आता दोन झाल्या," ते म्हणाले.

सुजयच्या डोक्यात काही शिरेना. एक चूक होती, ती काढली, तर दोन कशा होतील? त्याच्या तोंडावर काहीतरी तिखट आलं होतं. ते तसंच गिळून तो गाडीकडं बघत राहिला.

काल एक होती. काल डावं वेगळं होतं. आज दोन आहेत, आज दोन्ही सारखी आहेत…

त्यानं मान उजवीकडं वळवली.

तेवीस दिवसांत त्यानं उजव्या मडगार्डाला शंभरदा हात लावला होता, पण तो माप घ्यायला, तपासायला कधीच नाही. वस्तादांचं काम तपासायचं असतं, हे या शेडमध्ये कुणाच्या मनातही आलं नसतं. तो उजवीकडं गेला. तळहातावर पातळ मलमल घेतली, तिच्यातून बारीकसं उंचसखलही हाताला लागतं, डोळे मिटले आणि हात पुढं सरकवला.

दिव्याच्या मागं वीतभर अंतरावर तळहाताखालचा पत्रा क्षणभर नाहीसा झाल्यासारखा वाटला. तिथं तो सपाट होता. तांदळाच्या चार दाण्यांइतकीच जागा, पण सपाट.

डावं करताना साचा काय सांगतोय ते न ऐकता त्याच्या हातानं ही जागा नीट भरून आणली होती. आणि काल दिवसभर राबून त्यानंच ती बिघडवली होती.

सुजयनं मडगार्डाच्या कडेखाली बोट घातलं. आत बारीक पात्याचा ठसा लागला. उद्या सकाळी मानसिंगराव येणार होते, त्यांना याच मडगार्डाचा सगळ्यात जास्त अभिमान. गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या होत्या. ज्या माणसाकडं परवानगी मागायची, त्याच्याच नावाच्या कामात खोट दाखवायची, म्हणजे आपल्या हातानं आपलं वाटोळं करून घ्यायचं.

त्याला हे सगळं समजत होतं. पण हाताखाली लागलेली ती जागा आता त्याला सोडायला तयार नव्हती.

"वस्ताद…"

"हं."

"चूक उजव्यात आहे."

 सुजयनं मान खाली घातली. बाहेर लेथ यंत्राची घरघर चालू होती…

"किती दिवस लागलं तुला?"

"पंचवीस."

"मला वरातीतच कळलं," वस्ताद म्हणाले. "गाडी फुलांनी मढवल्याली. ऊन पडलं आन् दिसलं."

मग त्यांनी खुंटीवरची आपली हातोडी काढली. दांडा त्यांच्या मुठीनं झिजून बारीक झाला होता. ती त्यांनी सुजयपुढं धरली.

सुजय मागं सरला. ठसा पडलेला पत्रा आहे, दुसऱ्याची हातोडी पडायची नाही, हा नियम तुमचाच, असं तो अडखळत म्हणाला.

"हातोडी माझीच हाय की," वस्ताद म्हणाले. "मार."

दोघांनी मिळून चाक काढलं. सुजय मडगार्डाखाली उताणा झाला. बाहेरच्या अंगानं पोलादी ठोकळा वस्तादांनी स्वतः धरला. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि हात सतत कापायचा, चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरायचे. ठोकळा पत्र्यावर टेकला तेव्हा त्याची थरथर खाली सुजयला ऐकू आली.

पहिला ठोका सुजयनं भीत भीत मारला. आवाज बद्द आला.

"माझा पत्रा म्हणून मारू नगं," वरून वस्ताद म्हणाले. "पत्रा म्हणून मार."

दुसरा ठोका खणखणीत पडला. तिसरा, चौथा. मधे पत्रा, वर वस्तादांचा हात, खाली सुजयचा. ठोकळा किती हलला, कुठं टेकला, ते बघायची सोय नव्हती. आवाजावरूनच दोघं एकमेकांना जागा सांगत होते. विसाव्या ठोक्याच्या सुमाराला सुजयच्या ध्यानात आलं, की वरची थरथर ऐकू येईनाशी झाली आहे.

एकतिसाव्या ठोक्याला पत्रा घंटेसारखा वाजला.

दोघंही थांबले. आणखी एक मारायची दोघांनाही गरज वाटली नाही.

मग सुजय डाव्याकडं वळला. काल आखडवलेली जागा त्यानं पुन्हा फुगवत आणली, साचा न लावता, मलमल आणि तळहात एवढ्यावर. दुपारपर्यंत तेही झालं. पुठ्ठ्याचे साचे त्यानं गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

डिझेलचं फडकं दोन्हीवर फिरलं. दिव्यापासून दारापर्यंत पांढरी रेघ सरळ धावत गेली, इकडं एक, तिकडं एक, कुठं अडली नाही, कुठं दबली नाही. गाडी समोर नीट बघत होती.

सुजयला हसू आवरेना. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो वस्तादांच्या देखत मोठ्यानं हसला, आणि वस्तादही आपले उरलेसुरले दात दाखवत हसले.

शनिवारी सकाळी लॅकर चढवलेली ती गाडी मानसिंगरावांनी सुरू केली. छपरावरची धूळ खाली आली. आजूबाजूच्या शेडमधून ग्रीसचे हात पुसत पंधरावीस जण धावत आले. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी नुसतंच बॉनेटवरून हात फिरवत राहिलं. शेजारचा लेथवरचा बुजुर्ग टर्नर दोन्ही मडगार्डांच्या मधे उभा राहून इकडून तिकडं मान फिरवत होता. यातलं जुनं कुठलं आणि नवं कुठलं, ते त्याला सांगता येईना. मानसिंगराव गाडीतून उतरले आणि त्यांनी सुजयच्या पाठीवर थाप मारली.

सुजयनं वस्तादांकडं बघितलं. मागायचं होतं ते ओठांवर आलं होतं…

"काढ तुझा शंख," वस्ताद म्हणाले. "सा म्हैनं पेटीत पडून गंजला असंल."

सुजय थक्क झाला. मग धावत गेला, पेटीचा तळ उपसला, फडकं सोडलं. डोळ्यांत पाणी आलेलं कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घालूनच परत आला आणि डाव्या चाकाशी गुडघे टेकून बसला.

"तिथं न्हवं."

सुजयनं वर बघितलं. वस्ताद गाडीच्या पलीकडं उभे होते. त्यांनी उजव्या मडगार्डाच्या कडेखाली, आपल्या ठशाच्या शेजारी, बोट ठेवलं होतं.

"वस्ताद, ते तर तुमचं आहे. माझं हे डावं."

वस्तादांनी बोट तिथून हलवलं नाही.

"डावं कुणीबी केलं असतं," ते म्हणाले.