यदूचा मॅक्रो, यदूचा कोड आणि यदूचं लग्न

एका तालुक्याच्या गावात एक भोळा यदू राहायचा. 'भोळा' हा त्याच्या आईचा शब्द. गावाकडे दुसरा शब्द होता, पण तो मुलाबाळांत सांगण्यासारखा नाही.

यदू कुमुदकाकूंच्या वधू-वर सूचक मंडळात कॉम्प्युटरवर बसायचा. वय चौतीस, लग्न नाही. कामावर ठेवतानाच काकू म्हणाल्या होत्या, "वर्षभर नीट काम कर. तुझं लग्न मी जमवून देते." यदूच्या आईने त्याच आठवड्यात सुनेसाठी जोडवी घडवून घेतली. माऊलीला काय माहीत, पोरगा काय दिवे लावणार आहे ते!

मंडळातली सगळी स्थळं कॉम्प्युटरवर होती. एकेका स्थळाचा एकेक फॉर्म, फॉर्मवर बटणं. कोणत्या बटणाने काय व्हायचं, ते यदूने ठरवायचं. कॉम्प्युटर क्लासच्या टिळेकर सरांनी त्याला दोन वाटा शिकवल्या होत्या. "मॅक्रो म्हणजे तयार कामांतून एकेक निवडायचं आणि ओळीनं लावायचं. सोपं असतं. कोड आपल्या हातानं लिहायचा. अवघड, पण कुठं अडलं तर काय करायचं, तेही त्यात सविस्तर सांगता येतं. काम बघून ठरव."

इथेच सर चुकले. यदूला मॅक्रो दिसायचा, कोड दिसायचा. काम त्याला जन्मात दिसलं नाही.

एके दिवशी काकू म्हणाल्या, "पाटणकरांना पत्र धाड. त्यांची मुलगी पसंत आहे म्हणावं."

"मॅक्रो करू की कोड?"

"सोपं असेल ते कर."

यदूने मॅक्रो केला. पत्र उघड, पत्र छाप. कोणाचं पत्र, ते सांगायचं राहिलं. तीनशे बारा घरी पत्रं गेली, 'आपली मुलगी पसंत आहे.' त्यातल्या निम्म्या घरांत मुलगे होते.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, काही करण्याआधी 'नक्की का?' म्हणून विचारावं!"

"मॅक्रो करू की कोड?"

"मॅक्रो कर नाहीतर मुरंबा कर, पण विचार!"

यदूने फॉर्मच्या प्रत्येक रकान्यावर 'नक्की का?' बसवलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे हेडमास्तर मुलीचं नाव नोंदवायला आले. पडद्यावर येईल ते यदू मोठ्याने वाचायचा.

"मुलीचं नाव?"

"सुलभा."

"नक्की का?"

"नक्की."

"मुलीच्या वडिलांचं नाव?"

"मीच की. गणपत."

"नक्की का?"

हेडमास्तर उठले. खुर्ची पडली. मंडळाच्या पाटीवर त्यांनी छत्री हाणली, ती वेगळीच.

काकू कडाडल्या, "चारचौघांत काय विचारतोस, मेल्या? अडलं तरी तोंड उघडायचं नाही. गुमान पुढं जायचं!"

"मॅक्रो करू की कोड?"

हे यदूने सरांनाच विचारलं. सर म्हणाले, "कोड. त्यात 'चूक आली तरी पुढे जा' अशी ओळ टाकता येते. पण एखाद्याच ठिकाणी, आणि फार जपून."

यदूने ती ओळ सगळीकडे टाकली. जपून टाकली, एकही जागा सुटू दिली नाही.

मग स्थळं जुळवायला घेतली. तेवीस वर्षांच्या एका मुलीची जन्मतारीख भरायची राहिली होती. कोड तिथे अडखळला आणि पुढे गेला. जाताना वरच्या रांगेतल्या बाईंचं वय तसंच हातात घेऊन गेला. त्या बाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. झालं! मुलीला बघायला निवृत्त पोस्टमास्तर आले. मुलीने वाकून नमस्कार केला. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला आणि घसा खाकरून म्हणाले, "नवरा मुलगा मीच." शिवाय त्यांचं महिन्यापूर्वी दुसरीकडे ठरलेलं होतं. मंडळाचं पत्र आलं, म्हणून माणूस मान ठेवायला आला होता.

काकूंनी हात जोडले. "बाबा रे, ज्याचं ठरलं, त्याचं नाव तिथल्या तिथं काढत जा. ठरलेला माणूस यादीत दिसता कामा नये. एवढं एकच पाळ."

"मॅक्रो करू की कोड?"

काकू आत निघून गेल्या. यदूने कोड लिहिला. 'ठरलं' हे बटण दाबलं की नाव, पत्ता, फोन, पत्रिका, सगळं साफ.

वर्ष भरलं. काकू शब्दाला जागल्या. यदूचं नाव यादीत घालून इनामक्यांची वनिता त्याला दाखवली, मंडळातच. वनिताला तो आवडला, कारण तो काही बोलला नाही. तिचे वडील म्हणाले, "आमचा होकार. तारीख तुम्ही कळवा." ते जाताच यदूने 'ठरलं' दाबलं. वनिता साफ. यदूही साफ.

आई म्हणाली, "अरे, त्यांना तारीख कळव."

"कशी? पत्ता नाही, फोन नाही. ठरलंय ना!"

पंधरा दिवस वाट पाहून इनामके स्वतःच आले. "काय जावईबापू, तारीख?"

"आधी मुलीचं नाव पुन्हा नोंदवावं लागेल," यदू म्हणाला. त्याने नोंदवलं.

काकू म्हणाल्या, "आता तुझंही घाल आणि जुळव एकदाचं!"

"माझं कसं घालू? माझं ठरलंय. ठरलेला माणूस यादीत दिसता कामा नये."

"कोणाशी ठरलंय?" इनामक्यांनी विचारलं.

"वनिताशी."

"मग?"

"पण वनिता यादीत आहे. म्हणजे तिचं ठरलेलं नाही."

यदूने बटण दाबलं. यादीतला एक मुलगा जुळला. त्याचा कागद छापून यदूने इनामक्यांच्या हातात दिला. "घ्या. चांगलं स्थळ आहे."

इनामक्यांनी कागदाकडे बघितलं, मग यदूकडे बघितलं, आणि कागद घेऊन गेले.

महिन्याने वनिताचं लग्न झालं. यदू जेवून आला आणि कौतुकाने आईला म्हणाला, "वनिताचं झालं बघ. एक चूक आली नाही."

आई जोडव्यांची डबी हातात घेऊन बसली होती. तिने विचारलं, "अन् तुझं रे?"

"माझं तर तिच्या आधीच ठरलंय," यदू म्हणाला. "खोटं वाटत असेल तर यादीत नाव शोधून दाखव."