बिनआरशाची गाडी

"...पण गाडी माझी, पैसा माझा. मग कायदा मधी कुठनं आला, महाराज?"

इंद्रजित खोत मठाच्या पायरीवर उभा राहून विचारत होता. बसला नव्हता. बसला असता तर नव्या जाकिटाला चुण्या पडल्या असत्या.

चिमणगिरी महाराज दातांत काडी घालून त्याच्या मोटरसायकलकडं बघत होते.

गाडी बघण्यासारखीच होती, खोटं कशाला बोलू. कंपनीनं काळी दिलेली, यानं केशरी करून आणली. मागचं मडगार्ड कापलेलं. आरसे काढून टाकलेले. आणि सायलेन्सर... तो फुरफुरला की मठातल्या घंटा आपोआप वाजायच्या, नि पुजाऱ्याला वाटायचं देव पावला.

"सगळं दुकानात उघड मिळतं," इंद्रजित म्हणाला. "पक्कं बिल देतात. विकणारा साव आणि लावणारा चोर?"

"तुला विचारायचंय का सांगायचंय?"

इंद्रजितनं नजर गाडीकडं वळवली. लहानपणापासून मठात झांजा वाजवून वाढलेला पोरगा. महाराजांचा लाडका, आणि ते त्याला ठाऊक. घोळ तिथंच होता.

मग खरं काय ते बाहेर आलं. आज शहरात असल्या नटवलेल्या गाड्यांचा मेळा. वाटेत नाका. नाक्यावर फौजदार शेडबाळे बाई. त्यांनी मागं एकदा दंड घेऊन सोडलं होतं, नि बजावलं होतं... गाडी होती तशी करून घे, पुन्हा अशी दिसली तर ठाण्यात जमा.

"तुम्ही नुसतं मागं बसा, महाराज. तुम्हाला बघून बाई अडवायच्या न्हाईत."

"म्हंजे मी तुझा परवाना."

"तसं न्हवं, महाराज..."

"तसंच की."

महाराज उठले. मला वाटलं, आता काठी. मी पायरीच्या कडेलाच बसलो होतो, जरा सरकलो, नीट दिसावं म्हणून.

कसली काठी! त्यांनी माझं हेल्मेट मागून घेतलं, जटांवर दाबून बसवलं, आणि गाडीवर चढले.

उलटे. तोंड मागं. पाठ इंद्रजितच्या पाठीला.

"महाराज! ह्ये काय?"

"आरसे काढलेस न्हवं? मागचं कुणीतरी बघाया पायजे."

"लोक हसतील की..."

"मग? लोकांनी बघावी म्हणूनच केलीस न्हवं गाडी?"

...

निघाली स्वारी. मी मागून माझ्या लुनावर. सगळी वाट महाराज माझ्याकडं बघत होते नि मी महाराजांकडं. मागून एसटी आली की ते इंद्रजितला कोपरानं ढोसायचे. ओरडून उपयोग नव्हता, त्या सायलेन्सरपुढं त्यांचं त्यांनाच ऐकू येत नसणार. बाजारात बायका भाजी तोलता तोलता थांबल्या. एकीनं मला हात करून विचारलं, "कसला नवस हो?"

इंद्रजितची मान तरीही ताठ. मानी पोरगं. तेवढं मी कबूल करतो.

नाका आला. मी बिनहेल्मेटचा, म्हणून अलीकडंच बाभळीआड थांबलो.

शेडबाळे बाईंनी हात केला. गाडी बंद झाली, इंद्रजितनं हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. इतकं सामसूम झालं की बाभळीवरच्या चिमण्यासुद्धा दचकल्या.

बाई गाडीभोवती फिरल्या. मागं येऊन महाराजांसमोर उभ्या राहिल्या. हात जोडले. उलटं बसणं कुठल्या कलमात बसतं, ते मनातल्या मनात शोधत असाव्यात.

"कागदावर गाडी काळी आहे, महाराज. आरशांसकट. ही जी रस्त्यावर आहे, ती कागदावर नाहीच." बाई जरा थांबल्या. "पण... हे पोरगं तुमचं आहे का? तुम्ही हो म्हणा, आजचा दिवस सोडते."

इंद्रजितनं डोळे मिटले. एका शब्दाचं काम. मेळा आता हाकेच्या अंतरावर होता.

"बाई," महाराज म्हणाले, "मी मागं तोंड करून बसलोय. पुढं कोण हाय, मला कसं दिसणार?"

...

इंद्रजितची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या गाडीच्या रंगाच्या झाल्या.



मग त्यानं स्टँड लावला. किल्ली काढली. उतरून पुढच्या चाकाशी उभा राहिला.

"बाई, सायलेन्सर मी बसवला. आरसे मी काढले. रंग मी बदलला, कागदावर चढवला न्हाई. तुम्ही एकदा सांगितलंत, तरी मीच ऐकलं न्हाई. आणि महाराजांना मी आणलं... तुम्ही सोडावं म्हणून." मान पुन्हा ताठ झाली. गाडीवर असायची त्याहूनही ताठ. "लिहून घ्या. इंद्रजित खोत."

बाई पुढं आल्या. त्यानं किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. 

तेव्हा महाराज सीटवरच फिरले. आधी एक पाय, मग दुसरा. झाले सरळ. हेल्मेटची काच वर केली. आणि इंद्रजितकडं असं बघितलं, जसं तो आजवर गाडीकडं बघायचा.

"हां बाई, मघाशी काय विचारत होता?... हे पोरगं आमचं. गाडी तुमची."