चोरी कुणाच्या रक्तात?

धरणीपूरच्या दरबारात कोतवाल छाती फुगवून म्हणाला, "महाराज, टोपल्या विणणाऱ्यांची ती सगळी वस्ती हद्दपार करा. चोरी त्यांच्या रक्तातच आहे!"

वस्तीतली म्हातारी बायजा पुढे झाली. "कोतवालसाहेब, आमच्यातला पहिला चोर कधी पकडलात?"

"तीन वर्षांपूर्वी. मीच पकडला!"

"आणि बांबूच्या रानात जायला आम्हाला बंदी कधी केलीत?"

कोतवाल चाचरला. "तीन वर्षांपूर्वीच."

"महाराज, रक्त आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे," बायजा म्हणाली. "नवा आहे तो यांचा हुकूम."

राजाने त्याच दिवशी रान खुलं केलं. पुढच्या बाजारात वस्तीतल्या टोपल्या हातोहात खपल्या, आणि कोतवालाला पकडायला चोर मिळेना.