भुईबाईच्या कढईवरची साय

एक होता राजा. नाव ढोलसेन. तेव्हाचे राजे लाख लाख वर्षं जगायचे आणि त्यांची पोरं हजार वर्षं तान्हीच असायची. कशी ते विचारायचं नाही. ऐकायचं असेल तर पाय पांघरुणात घ्या.

तर ढोलसेनाकडे चांदीचा रथ होता, पण राज्यात सगळे डोंगर. रथ जरा चढला की मागे घरंगळायचा. राजाला वाटायचं, घोडेसुद्धा आपल्याला हसतात. मग एकदा काय झालं, तो चिडला आणि एका भेगेतून थेट जमिनीच्या पोटात उतरला.

तिथं भुईबाई बसलेली. पुढ्यात ही एवढी चूल, चुलीवर कढई, कढईत रटरटणारा लाल रस. रसावर जाड साय, तिचे झालेले तुकडे. आपण सगळे त्या सायीवर राहतो, बरं का.

"बाई, हे डोंगर कोण करतं?" राजानं विचारलं.

"मी कशाला करू? खालून आच लागते, तुकडे सरकतात, नखं वाढतात तेवढे हळू. दोन भिडले की सुरकुती पडते, तोच तुझा डोंगर. दोन फाकले की मधून रस येतो आणि नवी साय धरते. एकमेकांना घासून गेले की तुमच्या फळीवरची भांडी पडतात."

"मग विझव ती चूल!"

"पस्तावशील हो."

"राजा मी, की तू?"

भुईबाईनं लाकडं ओढली, पाणी मारलं. चूल थंड.

मग पावसानं डोंगर झिजले आणि नवे काही उठेनात. रथ गडगडा पळाला. राजा खूश. मग जमीन इतकी सपाट झाली की नद्यांना कुठं जावं कळेना. पाणी जागीच आंबलं, डास झाले. राजा म्हणाला, चालतंय. मग डोंगरांची सगळी माती समुद्रात साचली, समुद्र फुगला आणि उंबरा ओलांडून घरात आला.

केतकी राणी ओट्यावर चढून ओरडली, "अहो, बाळाचा पाळणा तरंगत चाललाय! पळवा आता रथ पाण्यातून!"

राजानं रथ तिथंच सोडला. तो धडपडत भेगेत उतरला.

"बाई, चुकलो! पेटव चूल, माझं पोर बुडतंय!"

"लाकडं ओली आहेत आणि माझी फुंकर पुरत नाही. तूच फुंक."

राजा पालथा पडला. फूं! डोळ्यांत धूर गेला. फूं! मुकुट राखेत पडला. फूं! मिशी करपली, पण जाळ धरला. कढई रटरटली. साय सरकली, भिडली, आणि नेमकी पाळण्याखालून सुरकुती वर आली. वर, आणखी वर! पाळणा डोंगरमाथ्यावर टेकला, कोरडा ठणठणीत. सोबत शिंपलेही वर गेले, अजून आहेत तिथं.

राजा धापा टाकत पायी वर गेला. पोर जागंच होतं. बापाचं काळं तोंड बघून ते खदखदून हसलं. खाली घरातलं पाणी ओसरलं आणि नद्या उड्या मारत समुद्राकडे निघाल्या.

मग सगळे सुखानं नांदले. आता तुम्हीही गप पडा. डोळे मिटा म्हटलं ना!