सिसा आणि आभाळावरची वाट

एकदा काय झालं, बोलिव्हिया देशात एक मुलगी राहायची. तिचं नाव सिसा. लांबचा देश हो, समुद्र ओलांडून जावं लागतं. तिथे उंच डोंगरांवर मिठाचं मैदान आहे. एवढं मोठं, की या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसायचा नाही. त्याच्या काठी सिसाचं गाव. तिथे काही पिकायचं नाही. मग लोक काय करत? मिठाच्या विटा कापत, लामांच्या पाठीवर लादत, मैदान ओलांडून खाली खोऱ्यात जात आणि मिठाच्या बदल्यात मका आणत. लामा म्हणजे उंटाचा छोटा केसाळ भाऊ, बरं का.

त्या वर्षी सिसाच्या बाबांचा पाय मोडला. घरात मका उरला चार मुठी. सिसा म्हणाली, "बाबा, मी जाते."

"एकटी?"

"एकटी कुठे? सहा लामा आहेत की!"

मग निघाली. अर्ध्या वाटेत पाऊस आला. मैदानावर घोटाभर पाणी साचलं आणि त्यात अख्खं आभाळ उतरलं. वर ढग, खाली ढग! लामा घाबरले. आभाळावर पाय कसा ठेवायचा? जागचे हलेनात. वाटही पाण्याखाली गेलेली. इकडे मीठ भिजायला लागलं.

वरून एक भलंमोठं गिधाड चाललं होतं. "गिधाडदादा, वाट दाखवता?"

"मी कधी जमिनीवरून चालतो का?" म्हणत ते उडून गेलं.

मग जवळच मैदानातल्या निवडुंगांच्या बेटावर लांब शेपटीचा ससा दिसला. "मला माझं बेट तेवढं ठाऊक, बाई," तो म्हणाला आणि कपारीत शिरला.

मग भेटली रोहित पक्ष्याची आई. अंगाने गुलाबी गुलाबी, पण रडत होती बिचारी. पिल्लाच्या पायाला मिठाचा गोळा घट्ट चिकटलेला. त्याला पाऊल टाकता येईना.

सिसापाशी प्यायचं गोडं पाणी एक चंबूभर होतं. तेवढंच हं. तिने चंबूकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं. मग ओतलं सगळं! गोळा विरघळला, पिल्लू टुणकन उभं राहिलं.

मग आईने हाक दिली. शेकडो रोहित पक्षी आले आणि पाण्यात दोन रांगा करून उभे राहिले. मधे वाट. लामांना आभाळ दिसेना, नुसते गुलाबी पाय. निघाले की तुरुतुरु! संध्याकाळी पलीकडे पोचले. तिथल्या झऱ्यावर सिसा घटाघटा पाणी प्यायली.

खोऱ्यातल्या लोकांनी मीठ घेतलं आणि सहाही लामांवर मका लादून दिला. ती परतली तेव्हा मैदान सुकलं होतं. बाबा काठी टेकत वेशीपर्यंत आलेले. त्यांनी तिला जवळ घेतलं. सिसा म्हणाली, "बाबा, आधी चूल पेटवा. भूक लागलीय."

मग घरोघरी लाह्या तडतडल्या. सगळं गाव पोटभर जेवलं आणि गाढ झोपलं. चला, तुम्हीही डोळे मिटा बघू.