वाघजळीच्या पागेतली बरबटलेली वही

पाहुणे, नाकाला रुमाल लावलाच आहे तर राहू द्या, मला त्याचा राग नाही. वाघजळीच्या पागेतली ही वही घाण मारतेच. अस्सल घोडीला शिंगरू झाले की त्याचे नाव, रंग, आईबाप या वहीत लिहितात. लिहिणाऱ्याने त्याआधी हात धुवायचे नाहीत, असा इथला नेम आहे. खरी घाण कुठे होती ते आता ऐका.

फार वर्षांपूर्वी ही पागा रणधुरे सरदारांची होती, असे सांगतात. वही अंताजीपंत कारकुनाकडे असे. हा गृहस्थ कानात अत्तराचा फाया घालून दारातच उभा राहायचा. लिदीचा वास सोसत नव्हता म्हणे! घोड्यांचे सगळे करायचा येसू मोतद्दार. अडलेल्या घोडीच्या पोटात हात घालून शिंगरू सोडवावे तर त्यानेच. पंत लांबून बघून लिहून मोकळे.

एका सकाळी सरदारांची लाडकी घोडी व्याली. ओले शिंगरू काळेच दिसते, हे पागेत कोणालाही ठाऊक असते. पंतांनी दारातून पाहिले आणि वहीत रंग काळा असा लिहिला. दुपारी उन्हात वाळल्यावर शिंगरू निघाले भुरके. येसू धावत गेला.

"पंत, रंग चुकलाय बगा. तेवढा दुरुस्त करा जी."

"दौलतीच्या वहीत खाडाखोड होत नाही," पंत म्हणाले.

चार दिवसांनी सरदारांनी वही आणि शिंगरू दोन्ही पाहिले. अस्सल शिंगरू विकून येसूने तट्टाचे पोर आणून बांधले, असा आळ आला. पंतांनी एक शब्द काढला असता तर निभावले असते. ते आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. येसूचा उजवा हात मनगटापासून तोडला. मला या पंतांची किळस येते, इतक्या वेळा सांगूनही येते. बाकीचे मोतद्दारही गप्प बसले आणि त्यात आमचे वाडवडील होते.

महिन्याभरात त्या भुरक्या शिंगराच्या बापापासूनच गाभण राहिलेली दुसरी घोडी अडली. सोडवणारा हात तर उरला नव्हता. सरदारांनी येसूला बोलावले. तो आला.

"कसं करायचं ते मी सांगतो. पर हात पंतांचा पायजे," तो म्हणाला.

पंतांनी खांद्यापर्यंत हात घातला. दोनदा ओकले. शिंगरू बाहेर आले ते काळेभोर. येसूने पंतांना त्यांच्याच उपरण्याने ते पुसायला लावले. पंत पुसत गेले तसा काळा रंग सरत गेला आणि साऱ्या पागेदेखत शिंगरू भुरके झाले.

सरदार खाली मान घालून इनाम जमीन देऊ लागले. येसूने ती घेतली नाही म्हणे. शिंगराचे नाव मी ठेवीन आणि पंतांनी ते त्याच बरबटलेल्या हाताने लिहावे, एवढेच त्याने मागितले. नाव ठेवले उजवा.

आजही वर्षाचे पहिले शिंगरू इथे उजवा असते, मादी झाली तर उजवी. लिहिणारा आधी ते स्वतः पुसून कोरडे करतो, मग लिहितो. पाहुणे मला हमखास विचारतात, देवाने येसूला हात परत दिला असेल ना? नाही दिला. येसू मरेपर्यंत डाव्या हाताने जेवला.